हरवला तरी चालेल असा लॅपटॉप

वाचकांचे प्रश्न : संगणक आणि सुरक्षा

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरचा. पुण्यातल्या एका छोट्या ऑडिट फर्ममध्ये सिक्युरिटी टेस्टिंग करतो, म्हणजे ग्राहकाच्या परवानगीने त्याच्या संगणकांत कुठून शिरता येतं ते शोधतो. नागरी सहकारी बँका, पतसंस्था, एखाददुसरा साखर कारखाना अशी कामं असतात, त्यामुळे महिन्यातले निम्मे दिवस एसटीत नाहीतर रेल्वेत जातात. कॉलेजात घेतलेला साडेपंधरा इंची गेमिंग लॅपटॉप अजून वापरतोय. त्याचं वजन, त्याचा विटेएवढा चार्जर आणि दोन तासांत मान टाकणारी बॅटरी, तिन्हींना कंटाळलो आहे. बजेट ४० हजार. एक मित्र म्हणतो मॅकबुक एअर घे, दुसरा म्हणतो सहा-सात इंची मिनी लॅपटॉप मागव. काली लिनक्ससाठी, म्हणजे टेस्टिंगची साधनं आधीच भरलेल्या सिस्टीमसाठी, नेमकं काय लागतं? वायफाय टेस्टिंगसाठी आतलं कार्ड कुठलं बघू? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी तुम्ही बसता कुठे ते बघू, कारण लॅपटॉप तिथेच ठरतो. तालुक्याच्या बँकेत टेस्टरला टेबल मिळेलच असं नाही. सर्व्हर रूम म्हणजे बहुतेक ठिकाणी जिन्याखालची नाहीतर स्ट्राँगरूमला लागून असलेली खोली. एक रॅक, दोन यूपीएस, कपाटावर जुन्या व्हाउचरचे गठ्ठे आणि १८ वर ठेवलेला एसी. प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसायचं, लॅपटॉप मांडीवर घ्यायचा, रॅकच्या मागून केबल ओढून घ्यायची. मॅनेजरसाहेब मधूनमधून डोकावून विचारतात, “काही बंद तर पडणार नाही ना?” त्यांचा प्रश्न रास्त असतो, बाहेर पेन्शनची रांग लागलेली असते.

अशा जागी सगळ्यात आधी उपयोगी पडतं ते पूर्ण आकाराचं इथरनेट पोर्ट, लॅपटॉपच्या अंगातच असलेलं. बँकेचं आतलं नेटवर्क वायरवर चालतं. यूएसबीला लावायचं इथरनेटचं डोंगल लावून काम भागतं हे खरं, पण बऱ्याच स्विचवर, म्हणजे सगळ्या केबल जिथे जोडतात त्या डब्यावर, पोर्ट सिक्युरिटी लावलेली असते. तुम्ही सकाळी दिलेला मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क पोर्टचा ओळख क्रमांक, त्यांनी नोंदवून ठेवलेला असतो. डोंगलला स्वतःचा वेगळा पत्ता असतो, आणि दुपारी सहकाऱ्याचं डोंगल लावलंत की स्विच ते पोर्ट बंद करून टाकतो. मग आयटीवाल्या माणसाला जेवणावरून उठवून आणावं लागतं. अंगातलं पोर्ट असलं की हा प्रश्नच येत नाही.

दुसरी गोष्ट मी जास्त महत्त्वाची मानते. लॅपटॉप निवडताना मी असं धरून चालते की हा कधी ना कधी स्वारगेटला किंवा मिरज जंक्शनवर हरवणार आहे. त्या दिवशी माझे पैसे जावेत, बँकेची माहिती जाऊ नये, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तसाच लॅपटॉप मला परत उभा करता यावा. या तिन्ही अटींत जो बसतो तो आपल्या कामाचा. टेस्टरच्या डिस्कवर काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे : नेटवर्कचे नकाशे, कोणत्या सर्व्हरला कुठून शिरता येतं त्याची यादी, पासवर्डचे हॅश (पासवर्डची साठवलेली सांकेतिक रूपं), कधी खातेदारांच्या नोंदी दिसणारे स्क्रीनशॉट. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला आणि ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली, आणि ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकात बँकांच्या चार पातळ्या करून प्रत्येकीला काय करावं लागेल ते सांगितलं. तुमची बरीच कामं या चौकटीतूनच येत असणार. ज्या बँकेला आपण सुरक्षित करायला गेलो, तिचा कच्चा अहवाल एसटीच्या वरच्या रॅकवर विसरून यायचा, आणि तोही उघडा, ही कल्पनासुद्धा मला सहन होत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. या कामाला महागडा नवा लॅपटॉप नको. कंपन्यांच्या लीजवरून परत आलेला, रिफर्बिश्ड, म्हणजे तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला, बिझनेस मालिकेतला लॅपटॉप घ्या. त्याचे सुटे भाग मिळतात, तो उघडून रॅम आणि एसएसडी बदलता येते, लिनक्स त्यावर विनातक्रार चालतं, आणि गेला तर तसाच दुसरा बाजारात उभा असतो.

त्यातही इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली उतरू नका. लॅपटॉपमधल्या यू मालिकेच्या आय५ ला सातव्या पिढीपर्यंत दोनच कोअर असत, आठव्या पिढीत ते चार झाले. एका बाजूला बर्प हे वेबसाइट तपासायचं साधन, दुसरीकडे दोन व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत चालणारे आभासी संगणक), मागे स्कॅन चालू, अशा वेळी हा फरक हाताला जाणवतो. शिवाय विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. थिंकपॅड एक्स२७० अतिशय देखणा आणि मजबूत आहे, दुकानदार तो आग्रहाने पुढे करतील, पण तो सहाव्या-सातव्या पिढीचा. त्याच्या नंतरच्या एक्स२८० मध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे आणि इथरनेटला वेगळी पट्टी लावावी लागते. दोन्ही सोडा.

तुमच्यासाठी माझी पहिली पसंती एचपी एलिटबुक ८३० जी५. स्क्रीन १३.३ इंची, वजन दीड किलोच्या आत, रॅमचे दोन स्लॉट, पूर्ण इथरनेट पोर्ट आणि यूएसबी-सीवरून चार्जिंग. म्हणजे तो विटेएवढा चार्जर घरी ठेवून मोबाइलच्या चार्जरपेक्षा जरा मोठ्या ६५ वॉटच्या चार्जरवर लॅपटॉप आणि फोन दोन्ही भागतात. त्याहून लहान हवा असेल तर डेल लॅटिट्यूड ७२९० आहे, साडेबारा इंची आणि आणखी हलका. पण त्यात रॅमचा एकच स्लॉट आहे, तेव्हा १६ जीबीची पट्टी पहिल्याच दिवशी टाकून घ्या. तुमच्या वाट्याला साखर कारखान्यांची कामं जास्त येत असतील, जिथे प्लांटमध्ये दिवसभर सॉकेटच्या आसपास जाता येत नाही, तर थिंकपॅड टी४८० बघा. चौदा इंची आहे, थोडा जड आहे, पण बॅटऱ्या दोन : एक आत आणि एक मागून काढता येणारी. मागची बॅटरी लॅपटॉप चालू असताना बदलता येते. एक घ्यायची खबरदारी म्हणजे त्याच्या थंडरबोल्टचं, म्हणजे वेगवान यूएसबी-सी पोर्टचं, फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) आल्या आल्या अपडेट करा. त्या काळातल्या काही थिंकपॅडमध्ये जुन्या फर्मवेअरमुळे यूएसबी-सी पोर्ट निकामी होत असे, लेनोवोने त्यावर अपडेट दिलेलं आहे.

स्क्रीन पूर्ण एचडीच घ्या, १९२० गुणिले १०८०. याच मॉडेलांत १३६६ गुणिले ७६८ चे पॅनेलही येतात आणि स्वस्तात मिळतात. लहान स्क्रीनवर शेजारी शेजारी टर्मिनल आणि अहवाल उघडून बसलं की त्या स्वस्ताईचा त्रास डोळ्यांना होतो.

आता मॅकबुक एअर. यंत्र म्हणून ते उत्तम आहे. पंखा नाही, बॅटरी दिवसभर पुरते, वजन सव्वा किलोच्या आसपास. वेब आणि मोबाइल ॲपचीच तपासणी करणारे माझे काही सहकारी समाधानाने वापरतात. तुमच्या कामाला मात्र अडचणी आहेत. इथरनेट नाही. रॅम आणि डिस्क दोन्ही बोर्डावर, नंतर वाढवता येत नाहीत. प्रोसेसर एआरएम जातीचा असल्यामुळे साध्या इंटेलवाल्या विंडोजचं व्हर्च्युअल मशीन त्यावर नीट चालत नाही, आणि बँकांमधली निम्मी जुनी सॉफ्टवेअरं नेमकी तीच मागतात. कालीची एआरएम आवृत्ती आहे आणि ती चांगली चालते, पण तेवढ्याने भागत नाही. शिवाय ४० हजारांत नवा येत नाही आणि जुना घेतला तर ८ जीबीवाला पदरात पडतो.

मिनी लॅपटॉपबद्दल थोडक्यात. जीपीडी कंपनीचा मायक्रोपीसी हा सहा इंची, अर्ध्या किलोपेक्षा हलका, आणि त्याला इथरनेटबरोबर सिरियल पोर्टसुद्धा आहे. स्विचच्या कन्सोलला, म्हणजे त्याच्या सेटिंगसाठीच्या पोर्टला, जोडून दोन कमांड मारायच्या तर त्याच्यासारखं काही नाही. पण तुमच्या कामाचा अर्धा भाग अहवाल लिहिणं हा आहे, आणि अंगठ्यांनी टाइप करून चाळीस पानी अहवाल होत नाही. मुख्य लॅपटॉप म्हणून घेऊ नका.

कालीला स्वतःला फारसं काही लागत नाही. २ जीबी रॅम आणि २० जीबी डिस्कवर ते बसतं. रॅम लागते ती त्याच्या आजूबाजूच्या पसाऱ्याला. मुख्य सिस्टीम, कालीचं व्हर्च्युअल मशीन, विंडोजचं एक, बर्प आणि ब्राउझर एवढं धरलं तरी १६ जीबी ही खालची मर्यादा समजा. दोन स्लॉट असले तर ३२ करा, मग डोमेन कंट्रोलर (ऑफिसातल्या सगळ्यांचे लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) आणि एक क्लायंट अशी छोटी प्रयोगशाळा हॉटेलच्या खोलीतही उभी राहते.

काली थेट मुख्य सिस्टीम म्हणून टाकू नका, असा माझा आग्रह आहे. खाली डेबियन, उबुंटू किंवा विंडोज प्रो ठेवा, आणि कालीचं एक कोरं, अपडेट केलेलं व्हर्च्युअल मशीन नमुना म्हणून जपा. प्रत्येक बँकेसाठी त्याची नवी प्रत काढायची. एका बँकेचा डेटा दुसरीच्या प्रतीत जाता कामा नये. अहवाल सोपवला, करारातली मुदत संपली, की ती प्रत अख्खी काढून टाकायची. नमुन्याची एक प्रत ऑफिसात असली की लॅपटॉप हरवल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही पुन्हा कामाला उभे.

यातूनच तुमच्या वायफाय कार्डाच्या प्रश्नाचं उत्तर निघतं. व्हर्च्युअल मशीनला लॅपटॉपच्या आतलं कार्ड वायफाय म्हणून दिसतच नाही, त्याला फक्त वायरचं नेटवर्क दिसतं. तेव्हा आत कुठलंही कार्ड असो, टेस्टिंगला यूएसबी अडॅप्टरच लागणार. तो घेताना कंपनीपेक्षा आतली चिप बघा. मॉनिटर मोड (हवेतली वायफायची सगळी वाहतूक ऐकणं) आणि पॅकेट इंजेक्शन (त्यात आपले संदेश सोडणं) दोन्ही व्यवस्थित हवं असेल, तर मीडियाटेकची एमटी७६१२यू चिप असलेला अडॅप्टर घ्या, उदाहरणार्थ अल्फाचा एडब्ल्यूयूएस०३६एसीएम. तो २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ दोन्हींवर चालतो आणि त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असतो. अथेरॉसची एआर९२७१ ही जुनी आणि भरवशाची चिप, पण फक्त २.४ वर. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एनबद्दल सावध राहा. जुन्या व्हिडिओंमध्ये ज्याची शिफारस असते तो पहिल्या व्हर्जनचा, त्यात अथेरॉस होती. दुसऱ्या व्हर्जनपासून आत रिअलटेकची चिप आहे आणि तिच्यासाठी ड्रायव्हरची खटपट करावी लागते. खोका सारखाच दिसतो, व्हर्जन स्टिकरवर बारीक अक्षरात असतं. आणि बँकेखालच्या मोबाइलच्या दुकानाचं, वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांचं वायफायही तुमच्या यादीत दिसेल. त्यांना हात लावायचा नाही, बँकेचं नेटवर्क सोडून दुसऱ्याचा एकही फोन त्याच्या वायफायवरून तुटता कामा नये.

तुमचा गेमिंग लॅपटॉप विकू नका. त्याची खरी जागा पुण्याच्या ऑफिसात आहे. पासवर्डचे हॅश फोडायचं हॅशकॅट हे साधन ग्राफिक्स कार्डावर चालतं, आणि तुमच्या जुन्या लॅपटॉपमध्ये ते कार्ड आहे. तो कायम सॉकेटला लावून ठेवा, वायरगार्ड या व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरच्या सुरक्षित खासगी वाटेने, बाहेरून जोडा, आणि प्रवासात हातातला लॅपटॉप हलकाच राहू द्या. बँकेचे हॅश कुठल्या फुकटच्या वेबसाइटवर टाकून बघायचे नाहीत, हे तुम्हाला वेगळं सांगायला नकोच, पण नव्याने कामाला लागलेली मुलं करतात म्हणून लिहिते.

खरेदी. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात रिफर्बिश्डवाल्यांची दुकानं, कुठेही घ्या, पण समोर बसून घ्या. सोबत लाइव्ह लिनक्सचा पेनड्राइव्ह न्या. आधी बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरा : एचपीला एफ१०, डेलला एफ२, थिंकपॅडला एफ१. तिथे सुपरवायझर पासवर्ड लावलेला असेल तर लॅपटॉप जागेवर परत ठेवा. दुकानदार “काढून देतो” म्हणेल, थांबू नका. ॲब्सोल्यूट नावाचा मागोवा घेणारा भाग चालू आहे का बघा. व्हर्च्युअलायझेशनचे दोन्ही पर्याय, व्हीटी-एक्स आणि व्हीटी-डी, चालू करता येतात ना ते बघा. मग पेनड्राइव्हवरून बूट करा, केबल लावा, प्रत्येक की दाबा, यूएसबी-सीच्या प्रत्येक पोर्टवर चार्जिंग होतंय का तपासा. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल निघतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्जची क्षमता असे दोन आकडे असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या दोन तृतीयांशांखाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत भावातून वजा करायला सांगा. इंटरनेट जोडून विंडोज नव्याने टाकायला लावा. आधीच्या कंपनीने तो लॅपटॉप आपल्या यादीतून सोडलेला नसेल तर सुरुवातीलाच त्या कंपनीचा लॉगिन मागितला जातो. आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून. हा लॅपटॉप घेऊन तुम्ही बँकांमध्ये जाणार आहात, तो चोरीचा निघाला तर फर्मची अब्रू जाईल.

बजेटातले निम्म्याहून थोडे जास्त यंत्रावर आणि उरलेले रॅम, नवी एसएसडी, अडॅप्टर आणि कन्सोल केबलवर खर्च करा. एसएसडी नवीच हवी, दुसऱ्याची वापरलेली डिस्क या कामाला नको.

आल्या आल्या पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करा. लिनक्सवर इन्स्टॉल करतानाच लक्सचा पर्याय येतो, विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर आहे, त्याला सुरू होताना पिन लावा. आणि एक सवय मोडा : झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत टाकायची. झोपलेल्या लॅपटॉपच्या मेमरीत एन्क्रिप्शनची किल्ली जागीच असते. बँकेतून निघताना पूर्ण शटडाउन, दर वेळी. रेल्वेत चार्ज करायचा भरवसा धरू नका, आग लागू नये म्हणून २०२१ पासून बऱ्याच गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवतात.

बॅगेत एक कागदही ठेवा : बँकेच्या सहीशिक्क्याचं परवानगीपत्र. कोणते आयपी पत्ते, कोणत्या तारखा, कोणत्या शाखा, आणि रात्री फोन उचलेल अशा अधिकाऱ्याचा नंबर. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात दोन टेस्टरना न्यायालयाच्या इमारतीत रात्री अटक झाली. राज्याच्या न्याययंत्रणेचं कंत्राट त्यांच्याजवळ होतं, पण इमारत काउंटीची (म्हणजे तिथल्या जिल्ह्याची), आणि तिथल्या शेरीफला ती परवानगी मान्य नव्हती. आरोप मागे घेतले गेले ते जानेवारी २०२० मध्ये. आपल्याकडे मुख्य कार्यालयाने पत्र दिलं आणि शाखेला काही कळवलंच नाही, असं नेहमी होतं. निघण्याआधी शाखेत फोन करा.

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा अकरावीत आहे. त्याला एथिकल हॅकिंग शिकायचंय आणि त्यासाठी सव्वा लाखाचा लॅपटॉप हवा म्हणतो. क्लासवाल्यांनीही तसंच सांगितलंय. आम्हाला यातलं काही कळत नाही. खर्च करावा का? आणि हे शिकणं कायदेशीर आहे ना? — एक आई, नाशिक

उत्तर : शिकणं पूर्णपणे कायदेशीर आहे, आणि चांगलं आहे. देशाला अशा मुलांची गरज आहे, तेव्हा त्याला अडवू नका. सव्वा लाख मात्र खर्च करू नका. वर ज्या जुन्या लॅपटॉपांची नावं दिली आहेत त्यांपैकी कुठलाही, १६ जीबी रॅम टाकून, त्याला कॉलेज संपेपर्यंत पुरेल. वजनाची अडचण नसेल तर घरातला डेस्कटॉपही चालेल.

शिकायला लागणारं सामान बहुतेक फुकट आहे. मेटास्प्लॉइटेबल २ नावाचं मुद्दाम कच्चं ठेवलेलं व्हर्च्युअल मशीन मिळतं, ओवास्पचं ज्यूस शॉप हे मुद्दाम चुका ठेवलेलं ऑनलाइन दुकान आहे, आणि बर्प बनवणाऱ्या पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी विनामूल्य आहे. हे सगळं त्याच्याच लॅपटॉपच्या आत किंवा त्यासाठीच ठेवलेल्या जागी चालतं, दुसऱ्या कुणाला त्रास होत नाही. क्लास लावण्याआधी त्याला यातलं काहीतरी पूर्ण करू द्या. नेटवर्क कसं चालतं आणि लिनक्स कसं वापरतात हे दोन विषय पक्के झाले तर पुढचं तो स्वतः शोधून काढेल.

सीमा कुठे आहे ती त्याला शांतपणे समजावून सांगा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरणं येतं, आणि ते अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शेजाऱ्यांचं वायफाय, शाळेची वेबसाइट, मित्राचं इन्स्टाग्राम, गंमत म्हणूनसुद्धा नाही. उद्या एखाद्या सरकारी वेबसाइटवर त्याला सहज वापरताना चूक दिसली तर ती सीईआरटी-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेला कळवायची सोय आहे. चूक दिसली तिथेच थांबायचं, आत शिरून बघायचं नाही. आणि तुम्ही त्याच्याजवळ बसून “आज काय केलंस, दाखव” असं अधूनमधून विचारा. कळलं नाही तरी चालेल, त्याला सांगावंसं वाटलं पाहिजे.

प्रश्न : ताई, मी स्टुटगार्टला पेनिट्रेशन टेस्टर आहे. गणपतीला सांगलीला येतेय आणि थोडे दिवस तिथूनच काम करणार आहे. ऑफिसचा टेस्टिंगचा लॅपटॉप सोबत आणला तर विमानतळावर काही अडचण येईल का? — एक वाचक, जर्मनी

उत्तर : कस्टमची अडचण नाही. १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप ड्यूटीशिवाय आणता येतो. पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकू नका, ती केबिनमध्येच न्यायची, आणि १०० वॉट-तासांच्या आत हवी. २० हजार एमएएचची साधी पॉवर बँक ७४ वॉट-तासांची असते, ती चालते. २७ हजारांची बरोबर काठावर येते.

माझा सल्ला मात्र वेगळा आहे. ग्राहकांचा डेटा असलेला लॅपटॉप सीमेपलीकडे नेऊच नका, कुठल्याच देशाच्या. ऑफिसकडून एक कोरा, लहान लॅपटॉप मागा, त्यावर फक्त व्हीपीएन आणि रिमोट डेस्कटॉप ठेवा, आणि काम स्टुटगार्टच्याच मशीनवर करा. अधिकाऱ्याने उघडून दाखवा म्हटलं तर निर्धास्तपणे दाखवता येईल. सीईआरटी-इनने एप्रिल २०२२ मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी ठेवायला सांगितल्या, त्यावरून तुमच्या मनात शंका असेल. कंपनीचा स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठीचा व्हीपीएन त्यात येत नाही.

निघण्याआधी ऑफिसकडून लेखी विचारून घ्या की ग्राहकाच्या करारात भारतातून काम करायला परवानगी आहे का. युरोपातल्या बऱ्याच करारांत डेटा युरोपबाहेरून बघितला तरी तो बाहेर गेला असं धरतात. जर्मनीत हॅकिंगची साधनं बनवण्या-मिळवण्याबद्दलचं फौजदारी कायद्याचं २०२ सी हे कलम २००७ पासून आहेच, आणि अधिकृत कामासाठी वापरल्या जाणाऱ्या दुहेरी उपयोगाच्या साधनांना ते लागू होत नाही हे तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केलं आहे. तुमचं काम अधिकृत असल्याचा कागद जवळ असला की तिकडेही प्रश्न नाही. सांगलीच्या घरी वायफायपेक्षा फोनचा हॉटस्पॉट बरा, गणपतीत पाहुण्यांपैकी कोण कोण राउटरला जोडलेलं असेल ते सांगता येत नाही.

प्रश्न : माझ्याकडे २०१२ च्या सुमाराचा दहा इंची नेटबुक आहे, रॅम २ जीबी. त्यावर काली चालवून प्रवासात नेता येईल का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : प्रोसेसर ६४ बिटचा आहे का ते आधी बघा. ३२ बिटच्या इमेज कालीने २०२४.४ आवृत्तीपासून बंद केल्या. ६४ बिटचा असेल तर हार्डडिस्क काढून साधी साटा एसएसडी टाका आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप ठेवा. टर्मिनलमधली कामं, एनमॅपने नेटवर्कचं स्कॅनिंग, स्विचचा कन्सोल एवढं होईल. बर्प आणि ब्राउझर एकत्र उघडलेत की तो अडकेल, आणि व्हर्च्युअल मशीनचा विचार सोडा. सरावाला वापरा, ग्राहकाकडे नेऊ नका. बॅटरी फुगलेली दिसली तर काढून ई-कचऱ्यात द्या आणि थेट चार्जरवर चालवा.